एकट्याला सांभाळता येईल एवढीच वेबसाईट

नागपुरात प्रतापनगर, बजाजनगर, त्रिमूर्तीनगर या भागांत खोली घेऊन राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार पुष्कळ आहेत, आणि त्यांतील अनेकांचे जेवण मेसच्या डब्यावर चालते. अशाच एका मेसच्या काकू पूर्वी सकाळी सहापासून फोनवरचे संदेश वाचत बसत. सत्तर-ऐंशी गिऱ्हाइकांपैकी आज कोणाला डबा नको, कोणाला दोन पोळ्या जास्त हव्यात, कोण शनिवारी गावी जाणार आहे, हे सगळे त्या एका पाठकोऱ्या कागदावर टिपत आणि त्यावरून किती कणीक भिजवायची ते ठरवत. एखादा संदेश नजरेतून सुटला की एक डबा वाया जाई, नाहीतर कोणीतरी उपाशी राही. मी त्यांच्यासाठी एक अगदी लहान वेबसाईट तयार केली. गिऱ्हाईक सकाळी नऊच्या आत तिच्यावर ‘आज डबा नको’ असे नोंदवते, आणि नऊ वाजता काकूंना एक आकडा दिसतो. मी तिच्यात आणखी काय काय घालता येईल हे उत्साहाने सांगत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “मले सकाळी एक आकडा सांग बाप्पा, बाकीचं माह्यावर सोड.”

अशा कामाला आपल्याकडची तरुण मुले ‘साईड प्रोजेक्ट’ म्हणतात. कोणत्याही कंपनीशिवाय आणि गुंतवणूकदाराशिवाय, नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, एका माणसाने कल्पना करायची, तिनेच किंवा त्यानेच कोड लिहायचा आणि पुढे तोच चालू ठेवायचा, असे त्याचे स्वरूप असते. हे काम कसे करावे, त्यात कोणकोणते भाग असतात आणि नवखा माणूस कोठे अडखळतो, हे या लेखात मांडले आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. लहान वेबसाईट उभी करण्यास चार-पाच रविवार पुरतात, पण ती चालू ठेवण्याचे काम अनेक वर्षांचे असते. म्हणून प्रत्येक निर्णय घेताना ‘हे मला बनवता येईल का’ यापेक्षा ‘दोन वर्षांनी, मी दुसऱ्याच कशात गुंतलेलो असताना, याची निगा मला राखता येईल का’ हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

कल्पना कोठून घ्यावी

सुचणाऱ्या कल्पनांना तोटा नसतो. शहर बसचे वेळापत्रक दाखवणारे पान, महापालिकेच्या दहा झोनपैकी कोणत्या झोनमध्ये उद्या पाणीपुरवठा बंद राहणार हे सांगणारे पान, कळमना बाजारातील संत्र्यांचे रोजचे भाव, अभ्यासिकेत आज किती जागा रिकाम्या आहेत याची माहिती, हे सगळे ऐकताक्षणी उपयोगाचे वाटते. यांतील कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे त्या पानावरची माहिती रोज कोण भरणार आहे. बाजारभाव किंवा पाणीपुरवठ्याच्या सूचना दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून आपोआप उचलणारा प्रोग्राम लिहिता येतो, परंतु त्या संकेतस्थळाची मांडणी बदलली, एखादा रकाना इकडचा तिकडे झाला, की आपला प्रोग्राम चुकीचा आकडा दाखवू लागतो किंवा बंद पडतो. तो केव्हा बंद पडेल हे आपल्या हाती नसते, आणि परवानगीचा प्रश्न वेगळाच. केंद्र सरकारने २०१२ पासून खुल्या माहितीसाठी स्वतंत्र संकेतस्थळ चालवले आहे आणि तेथील माहिती वापरण्यास मोकळीक आहे, हे खरे. तरी माझे मत असे की पहिल्या प्रयत्नासाठी, माहिती वापरणाऱ्यांच्या वापरातूनच निर्माण होईल असे काम निवडावे. डब्याच्या पानावर माहिती गिऱ्हाईकच भरते, कारण ती भरण्यात त्याचे स्वतःचे हित असते. अभ्यासिकेच्या रिकाम्या जागांचे पान मात्र अभ्यासिकेतील कोणीतरी दर तासाला जागा मोजून भरेल या आशेवर उभे राहते, आणि ती आशा आठवडाभरात मावळते.

दुसरी गोष्ट म्हणजे वापरणारा माणूस डोळ्यांसमोर असावा. ‘नागपुरातील सर्व विद्यार्थी’ हा वापरकर्ता होऊ शकत नाही. ज्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहून सकाळचा तासभर पाहता येतो त्या काकू वापरकर्त्या होऊ शकतात. मी कोडची एक ओळ लिहिण्यापूर्वी तीन सकाळी तेथे थांबलो, आणि काकूंना गिऱ्हाइकांची नावे लागतच नाहीत, डब्यावर रंगवलेला क्रमांक लागतो, हे तेथे लक्षात आले. पुढे या निरीक्षणामुळे कामाचा निम्मा गुंता टळला.

पान उघडते तेव्हा काय घडते

वेबवर असे काम करण्यास कोणाची परवानगी लागत नाही, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांसाठी खुले केले. त्यामुळे आजही एखाद्याने पान लिहून सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेल्या संगणकावर, ठेवले की ते जगात कोठेही उघडते. मोबाईल ॲप लोकांपर्यंत पोहोचवायचे असेल तर गुगलच्या दुकानात एकदा २५ डॉलर आणि ॲपलच्या दुकानात दरवर्षी ९९ डॉलर भरून त्यांच्या तपासणीतून जावे लागते. लहान कामासाठी वेबच योग्य आहे असे मी मानतो, आणि त्यामागे पैशापेक्षाही हे स्वातंत्र्य आहे.

आता यंत्रणा पाहू. वापरणारा ब्राउझरमध्ये जो पत्ता लिहितो त्यातील नावाला डोमेन म्हणतात. यंत्रे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात, म्हणून ब्राउझर प्रथम डीएनएस नावाच्या जगभर पसरलेल्या नोंदवहीला विचारतो की या नावामागचा आकडा कोणता. आकडा मिळाला की ब्राउझर त्या यंत्राकडे, म्हणजे सर्व्हरकडे, पानाची मागणी करतो. सर्व्हर उत्तरादाखल मजकूर पाठवतो. त्या मजकुराचा सांगाडा एचटीएमएल या भाषेत, रूप सीएसएसमध्ये आणि हालचाल जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असते. डोमेन विकत मिळत नाही, ते वर्षावर्षाने भाड्याने मिळते. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ असा शेवट असलेली नावेही घेता येतात, तरी फोनवर पटकन टाइप करता यावे म्हणून मी रोमन अक्षरांतील छोटे नाव घेतले. वाटेत कोणी मजकूर वाचू नये किंवा बदलू नये यासाठी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण कुलूपबंद असावे लागते, आणि त्यासाठी सर्व्हरकडे एक प्रमाणपत्र लागते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा २०१५ च्या अखेरीस सर्वांसाठी खुली झाल्यापासून हे प्रमाणपत्र फुकट मिळते. त्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून त्याचे नूतनीकरण सर्व्हरनेच आपोआप करावे अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी लावावी.

वेबसाईटचे दोन मोठे प्रकार आहेत आणि निगेच्या दृष्टीने त्यांत फार अंतर आहे. पहिल्या प्रकारात सर्व्हरवर तयार पाने नुसती ठेवलेली असतात, आणि जो मागेल त्याला तेच पान मिळते. याला स्टॅटिक वेबसाईट म्हणतात. ती ठेवण्यासाठी अनेक सेवा पैसे घेत नाहीत, तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि वर्षभर तिच्याकडे पाहिले नाही तरी ती चालू राहते. दुसऱ्या प्रकारात सर्व्हरवर प्रोग्राम सतत चालू असतो, तो डेटाबेसमधील, म्हणजे सर्व्हरवर साठवलेल्या नोंदवहीतील, नोंदी वाचून प्रत्येकासाठी पान नव्याने तयार करतो. नवशिक्याला दुसरा प्रकारच ‘खरी’ वेबसाईट वाटतो. पण स्टॅटिक पानाची ताकद किती असते हे ‘वर्डल’ या शब्दखेळाने दाखवले. जॉश वॉर्डल या एकट्या प्रोग्रामरने तो आपल्या जोडीदारासाठी बनवला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांना खुला केला. १ नोव्हेंबरला तो खेळणारे ९० जण होते, दोन महिन्यांनी ते ३ लाखांवर गेले, आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. या खेळात लॉगिन नव्हते आणि जाहिरातही नव्हती. उत्तरांचे सुमारे २३०० शब्द पानाच्या कोडमध्येच लिहिलेले होते, आजचा शब्द कोणता हे तारखेवरून ठरत असे, आणि खेळणाऱ्याचा हिशेब त्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये साठवला जाई. माणसे ९० असोत की ३ लाख, पान तेच राहिल्यामुळे एकटा माणूस ते पेलू शकला.

डब्याच्या कामात मात्र सत्तर जणांनी नोंदवलेले एका काकूंना दिसायला हवे होते, म्हणजे सर्वांसाठी सामाईक स्मरण आवश्यक होते, आणि ते स्टॅटिक पानात राहत नाही. तेथे मी महिन्याला काही शे रुपये भाड्याचा लहान सर्व्हर घेतला आणि नोंदींसाठी एसक्यूलाईट हा डेटाबेस वापरला. हा डेटाबेस २००० साली रिचर्ड हिप यांनी तयार केला, तो सर्वांसाठी पूर्ण मोकळा आहे आणि आपल्या हातातील जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये तो असतोच. त्याचे वैशिष्ट्य असे की सगळा डेटाबेस एका फाईलमध्ये मावतो. वेगळा डेटाबेस सर्व्हर चालवावा लागत नाही, त्याचे पासवर्ड आणि अद्ययावतीकरण सांभाळावे लागत नाही. मोठ्या कंपन्या वापरतात ती अवजारे शिकावीत हा मोह मला समजतो, आणि नोकरीसाठी ती शिकलीही पाहिजेत. पण रोज शंभर नोंदी होणाऱ्या कामासाठी ती आणली, तर प्रत्येक अवजाराची निगा आपल्या रविवारांतून वजा होते.

ओळख पटवण्याचा प्रश्न

कोणता डबा नको हे कोण सांगत आहे, हे वेबसाईटला कळायला हवे. पहिला विचार ओटीपीचा येतो, कारण आपल्याला त्याची सवय झाली आहे. मात्र भारतात अशा रीतीने एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याची, त्याच्या नावाच्या शीर्षकाची आणि संदेशाच्या मसुद्याची नोंदणी आधी करावी लागते. व्यवसाय म्हणून नोंद नसलेल्या एकट्या माणसाला हा मार्ग जड जातो. पासवर्ड ठेवावा तर लोक तो विसरतात, विसरलेला पासवर्ड बदलून देण्याची सोय करावी लागते, आणि साठवलेले पासवर्ड सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी येते.

मी तिसरा मार्ग घेतला. प्रत्येक डब्याच्या क्रमांकासाठी एक स्वतंत्र दुवा तयार केला. त्या दुव्याच्या शेवटी संगणकाने निवडलेली बावीस अक्षरांची निरर्थक ओळ असते, आणि ती अंदाजाने सापडणे व्यवहारात अशक्य असते. काकूंनी ज्याचा त्याला दुवा पाठवला, आणि ज्याच्याकडे दुवा त्याच्याकडे त्या डब्याचा अधिकार, इतका साधा नियम ठरला. हा मार्ग बँकेसाठी किंवा दवाखान्यासाठी मुळीच योग्य नाही, कारण दुवा दुसऱ्याच्या हाती पडू शकतो. येथे तो दुसऱ्याच्या हाती पडला तर फार फार तर एका माणसाचा एका दिवसाचा डबा रद्द होईल, आणि तो दुवा बदलून देता येईल. सुरक्षिततेचा विचार असाच, होणाऱ्या नुकसानीच्या प्रमाणात, करावा लागतो.

या दुव्यांनीच मला सर्वांत महत्त्वाचा धडा शिकवला. सुरुवातीला मी असे ठेवले होते की ‘आज डबा नको’ हा दुवा उघडला की डबा रद्द होतो, वेगळे बटण दाबावे लागत नाही. पहिल्या दिवशी काकूंनी दुवे पाठवले आणि पुढच्या अर्ध्या तासात बरेच डबे कोणीही न सांगता रद्द झाले. कारण असे की संदेशात दुवा चिकटवल्याबरोबर संदेशाचे ॲप त्या पानाचे शीर्षक आणि चित्र दाखवण्यासाठी ते पान स्वतःच उघडून पाहते. माणसाने उघडले की यंत्राने, हे माझ्या प्रोग्रामला कळण्याचा मार्ग नव्हता. वेबच्या नियमांत याचे उत्तर सुरुवातीपासून आहे आणि मी ते पाळले नव्हते, ही माझी चूक होती. ब्राउझर सर्व्हरकडे ज्या मागण्या करतो त्यांत ‘गेट’ ही मागणी केवळ पाहण्यासाठी असते, आणि ‘पोस्ट’ ही काहीतरी नोंदवण्यासाठी किंवा बदलण्यासाठी असते. दुवा उघडणे ही ‘गेट’ मागणी आहे, म्हणून तिच्यामुळे कोणतीही नोंद बदलता कामा नये. बदल करायचा असेल तर पानावर बटण हवे आणि ते दाबल्यावर ‘पोस्ट’ मागणी जावी. त्या दुपारी मी बटण घातले आणि तो प्रश्न पुन्हा उद्भवला नाही.

वेळेचाही असाच एक सापळा आहे. बहुतेक भाड्याचे सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. प्रोग्राममध्ये ‘नऊ वाजता नोंदणी बंद’ असे लिहिले आणि कोणती वेळ हे सांगितले नाही, तर नोंदणी आपल्या दुपारी अडीचला बंद होते, आणि तोपर्यंत डबे पोहोचून रिकामेही झालेले असतात. त्यातही अडचण अशी की स्वतःच्या लॅपटॉपवर तपासताना सगळे बरोबर दिसते, कारण लॅपटॉपचे घड्याळ नागपूरचे असते. नोंदी जागतिक वेळेत साठवाव्यात आणि दाखवताना व निर्णय घेताना भारतीय वेळेत बदलून घ्याव्यात, ही पद्धत पाळल्यास गोंधळ टळतो.

मराठी मजकुराची काळजी

मराठी वाचकांसाठी वेबसाईट करणाऱ्याला एक जादा अभ्यास करावा लागतो, आणि दुर्दैवाने तो फारसा कोठे शिकवला जात नाही. ‘नागपूर’ या शब्दात आपण ना, ग, पू, र अशी चार अक्षरे मोजतो. संगणक मात्र न, काना, ग, प, दीर्घ उकार आणि र अशी सहा चिन्हे मोजतो, आणि साठवताना यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे साठवणुकीची तीन लहान घरे, लागत असल्यामुळे तो शब्द १८ बाइटचा होतो. म्हणून फॉर्ममध्ये ‘नाव जास्तीत जास्त वीस अक्षरांचे असावे’ अशी मर्यादा घातली, तर मराठी नाव लिहिणाऱ्याला ती फार लवकर आडवी येते. एसएमएसमध्येही इंग्रजी मजकुराला १६० चिन्हांची जागा असते आणि देवनागरीला ७०, त्यामागे साठवणुकीचाच प्रश्न आहे.

याहून त्रासदायक प्रकार शोधाचा आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे लिहिले जाते. युनिकोडने, म्हणजे संगणकासाठी सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीने, २००८ साली त्यासाठी स्वतंत्र चिन्ह दिले, पण त्याआधीपासून ‘अ’पुढे अर्धचंद्र देऊन, कधी मध्ये न दिसणारे एक जोडचिन्ह घालून, तेच अक्षर लिहिण्याची रीत होती आणि ती आजही अनेक कीबोर्डांत आहे. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतील अर्ध्या र-चेही तसेच आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसते, संगणकाला ते वेगवेगळे शब्द वाटतात. एकाने ‘सुऱ्या’ एका पद्धतीने लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर काहीच सापडत नाही आणि दोघेही वेबसाईटला दोष देतात. उपाय कठीण नाही. मजकूर साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एकाच ठरावीक रूपात बदलून घ्यावीत. आकड्यांचेही तेच करावे लागते, कारण कोणी ‘५’ असे देवनागरीत लिहिले तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानतच नाही. डब्याच्या पानावर जादा पोळ्यांचा रकाना होता आणि तेथे हे घडले. हिशेबाआधी देवनागरी अंकांचे रूपांतर करणाऱ्या चार ओळी मी आता प्रत्येक कामात सर्वप्रथम लिहितो.

पान तयार झाले की ते स्वतःच्या चांगल्या लॅपटॉपवर पाहून समाधान मानू नये. मे महिन्यात दुपारी बारा वाजता घराबाहेर उभे राहून, दोन-तीन वर्षे वापरलेल्या स्वस्त फोनवर ते उघडून पाहावे. नागपूरच्या उन्हात गडद पार्श्वभूमीवरची राखाडी अक्षरे अजिबात दिसत नाहीत. मी पांढऱ्या पानावर काळी, मोठी अक्षरे आणि अंगठ्याएवढे एकच बटण ठेवले आहे. सजावटीची चित्रेही काढून टाकली, कारण फोनने काढलेला एकच फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि उरलेले सगळे पान त्याच्या शंभराव्या भागाएवढेही नसते.

माहिती, पैसे आणि नोकरी

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. त्याचा गाभा असा की कोणाचीही माहिती घ्यायची असेल तर कशासाठी घेत आहोत हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी, त्या कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम संपले की ती पुसून टाकावी. संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही, म्हणजे मराठीतही, वाचता येण्याची सोय त्यात अपेक्षित आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला कायदा बालक मानतो आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. अकरावी-बारावीच्या शिकवणीसाठी शहरात आलेली मुले मेसमध्ये जेवतात, हे लक्षात घेता ही बाब दूरची नाही. मी निवडलेला मार्ग असा की वेबसाईटला नाव, फोन किंवा पत्ता माहीतच नाही. तिला डब्याचे क्रमांक तेवढे माहीत आहेत, आणि कोणता क्रमांक कोणाचा हे काकूंच्या वहीत आहे. जी माहिती आपल्याकडे नाही ती आपल्याकडून फुटूही शकत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात सांगतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे लहान रक्कम घेणे सोपे झाले आहे, आणि जानेवारी २०२० पासून यूपीआयने थेट बँक खात्यातून आलेले पैसे स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्याकडून त्या व्यवहाराचे शुल्क घेतले जात नाही. पानावर क्यूआर कोड लावून ‘उपयोगी वाटल्यास महिन्याला इतके द्या’ असे म्हणणे ही चांगली सुरुवात आहे. मिळालेले पैसे उत्पन्नात दाखवावे लागतात. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर जाईपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही.

नोकरी करणाऱ्याने आपले नेमणूकपत्र मात्र नीट वाचावे. कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतीसारखा धरला जातो, आणि वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. मिहानमधील किंवा आयटी पार्कमधील कार्यालयातून मिळालेल्या लॅपटॉपवर, कार्यालयाच्या वेळेत, स्वतःचे काम करू नये. काही नेमणूकपत्रांत याहून कडक अटी असतात, आणि तेव्हा आधी लेखी परवानगी मागणे चांगले.

निगा

नागपुरात मार्च संपत आला की घराघरांतून कूलर बाहेर निघतात. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप उघडून गाळ काढायचा, पंख्याला तेल द्यायचे, आणि हे न करता थेट बटण दाबणाऱ्याला ऐन एप्रिलमध्ये मेकॅनिकची वाट पाहावी लागते. वेबसाईटसाठी असा दिवस वर्षातून दोनदा तरी राखून ठेवावा. त्या दिवशी सर्व्हरवरील प्रोग्राम अद्ययावत करावेत आणि आपण दुसऱ्यांचे कोणकोणते तयार कोड वापरले आहेत ते पाहावे. जितके तयार कोड कमी, तितका हा दिवस लवकर संपतो. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही मिनिटांत शेकडो ओळींचा कोड लिहून देतात आणि मीही ती वापरतो. पण जी ओळ वाचून मला समजली नाही ती मी सर्व्हरवर चढवत नाही, कारण रात्री ती बिघडली तर दुरुस्त करणारा मीच असतो.

बॅकअपबद्दल दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एसक्यूलाईटची फाईल चालू स्थितीत तशीच्या तशी कॉपी केली आणि नेमक्या त्या क्षणी एखादी नोंद लिहिली जात असेल, तर ती प्रत निकामी होऊ शकते. त्यासाठी त्या डेटाबेसचीच बॅकअपची आज्ञा आहे, ती वापरावी आणि प्रत दुसऱ्या ठिकाणी पाठवावी. दुसरे म्हणजे बॅकअप घेतला जातो एवढ्यावर विसंबू नये. त्या प्रतीवरून रिकाम्या संगणकावर वेबसाईट पुन्हा उभी करून पाहावी. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा माझ्या प्रती व्यवस्थित होत्या, पण दुव्यांच्या शेवटच्या गुप्त ओळी ज्या फाईलमध्ये होत्या ती प्रतीत आलेलीच नव्हती.

नूतनीकरणाचा विषय लोकांना क्षुल्लक वाटतो, आणि नेमके तेथेच अनेक चांगली कामे संपतात. डोमेन पहिल्या वर्षी सवलतीत मिळते आणि दुसऱ्या वर्षीचा दर वेगळा असतो, म्हणून घेताना नूतनीकरणाचा दर पाहावा. कार्डावरून आपोआप पैसे जातील यावर अवलंबून राहू नये. रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम ग्राहकाच्या हिताचे आहेत, त्यांत आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी आधी मंजुरी आणि पूर्वसूचना लागते. परदेशी सेवांची वसुली मात्र त्यामुळे पुष्कळदा होत नाही, आणि ती झाली नाही हे सांगणारा ईमेल आपण न वाचलेल्या शंभर ईमेलांत पडून राहतो. मी नूतनीकरणाच्या तारखा स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिल्या आहेत, आणि तेथे त्या घरातील सर्वांना दिसतात.

कधीतरी हे काम बंदही करावे लागते. काकू मेस बंद करतील, किंवा मी दुसऱ्या गावी जाईन. त्यासाठीची पायरी मी आताच लिहून ठेवली आहे. महिनाभर आधी पानावर सूचना लावायची, काकूंना सगळ्या नोंदी कागदावर छापून द्यायच्या, मग सर्व्हरवरची फाईल आणि तिच्या सर्व प्रती पुसायच्या, आणि त्या जागी ‘ही सेवा बंद झाली आहे’ असे एक स्टॅटिक पान ठेवायचे. डोमेन मात्र लगेच सोडायचे नाही. सोडलेले नाव कोणीही घेऊ शकतो, आणि मेसच्या दारावर, डब्यांच्या झाकणांवर आणि कोणत्या कोणत्या खोल्यांच्या भिंतींवर आमचे क्यूआर कोडचे कागद चिकटलेले आहेत. ते उद्या कोणी उघडले तर भलत्याच कोणाच्या पानावर पोहोचू नये, म्हणून पुढची दोन वर्षे त्या नावाचे भाडे भरायचे असे ठरवले आहे, आणि तेवढे पैसे काकूंनी दिलेल्या रकमेतून बाजूला काढून ठेवले आहेत.